शून्य, निरंक आणि रिकामी जागा : जावास्क्रिप्टच्या फिल्टरमधून काय गळतं?

(व्याख्यानात पडद्यावर दाखवलेला कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्ष टाइप करताना तो अर्थातच रोमन लिपीत लिहायचा.)

मागच्या वेळी आपण अ‍ॅरेमधल्या प्रत्येक घटकावर काम करणारं मॅप पाहिलं. आज त्याचं भावंड, फिल्टर. वापरायला इतकं सोपं की त्यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे, असं वाटेल. म्हणून आधी एक हिशेब करू.

समजा एका पर्जन्यमापकाच्या आठवड्याभराच्या नोंदी आपल्याकडे आहेत, मिलिमीटरमध्ये. सोमवारी १२, मंगळवारी ०, बुधवारी ०, गुरुवारी ५, शुक्रवारी नोंदच झाली नाही, शनिवारी ३१, रविवारी ८. आपल्याला सरासरी काढायची आहे. शुक्रवारच्या जागी अ‍ॅरेत नल आहे, तो आधी बाजूला करायला हवा. इंटरनेटवर शोधलं तर पहिलंच उत्तर मिळतं : 'नोंदी.फिल्टर(बुलियन)'. एवढंच लिहा, नको ते सगळं जाईल. आपण लिहितो. उरतात १२, ५, ३१ आणि ८. बेरीज ५६, भागिले ४, सरासरी १४.

आता हातानं करून बघा. मोजमाप झालेले दिवस सहा. ५६ भागिले ६, म्हणजे ९.३३. कोणी शुक्रवार शून्य धरला तर ५६ भागिले ७, म्हणजे ८. एकाच आठवड्याची तीन उत्तरं. प्रोग्रॅम तिन्ही वेळा बिनतक्रार चालतो, लाल अक्षरांत काहीही येत नाही.

आणि गोष्ट फक्त सरासरीची नाही. मंगळवार-बुधवार कोरडे गेले, हीसुद्धा माहितीच आहे. पेरणी झाली आणि पावसानं खंड दिला, की शेतकरी दिवस मोजत बसतो. हवामानावर आधारित पीकविम्याचे निकष अशाच रोजच्या नोंदींवर उभे असतात. आपल्या गाळलेल्या अ‍ॅरेत मात्र १२च्या शेजारी थेट ५ येऊन बसले. खंड पडलाच नाही! तांदूळ निवडताना खड्यांबरोबर कणीही फेकून द्यावी, तसं झालं.

असं का होतं, ते पाहायला फिल्टरच्या आत जाऊ. फिल्टर, मॅप, रिड्यूस ही मंडळी अधिकृतपणे २००९ साली, एक्मास्क्रिप्टच्या पाचव्या आवृत्तीत भाषेत आली. फिल्टरला आपण एक फंक्शन देतो. तो अ‍ॅरेतला एकेक घटक उचलून त्या फंक्शनला विचारतो, 'ठेवू का?' 'हो' आलं तर घटक नव्या अ‍ॅरेत जातो, 'नाही' आलं तर गळतो. मूळ अ‍ॅरे तसाच राहतो. इथवर सरळ आहे. खाच अशी की उत्तर 'ट्रू' किंवा 'फॉल्स' याच शब्दांत आलं पाहिजे, असा फिल्टरचा आग्रह नसतो. संख्या द्या, स्ट्रिंग द्या, काहीच देऊ नका; जे मिळेल त्याचा अर्थ तो 'हो' किंवा 'नाही' असा लावून घेतो. ज्यांचा अर्थ 'हो' लागतो त्या किमती ट्रुथी, ज्यांचा 'नाही' लागतो त्या फॉल्सी.

'फिल्टर(बुलियन)' मध्ये तर आपला स्वतःचा प्रश्नच नसतो. बुलियन हे फंक्शन समोर येईल ती किंमत ट्रुथी आहे की फॉल्सी, तेवढं सांगतं. म्हणजे आपण काही न विचारता निवडीचा निर्णय भाषेच्या सवयीवर सोपवला.

ही सवय नेमकी काय आहे? फॉल्सी किमतींची यादी छोटी आहे, ती पाठच करावी. फॉल्स. शून्य, त्याचं ऋण रूप, आणि २०२०पासून आलेल्या बिगइंटमधलंही शून्य. रिकामी स्ट्रिंग. नल. अनडिफाइंड. आणि नॅन, म्हणजे 'ही संख्या नव्हे' असं सांगणारी किंमत, जिचा प्रकार विचारला तर भाषा तोंड वर करून 'नंबर' म्हणते. जुन्या ब्राउझरांसाठी ठेवलेली 'डॉक्युमेंट.ऑल' ही एक वस्तूही फॉल्सी आहे, पण तिच्याशी आपली गाठ पडण्याची शक्यता कमी. बाकी सगळं जग ट्रुथी.

सगळं म्हणजे सगळं. रिकामा अ‍ॅरे ट्रुथी. रिकामा ऑब्जेक्ट ट्रुथी. अवतरणात लिहिलेलं शून्य, म्हणजे स्ट्रिंगमधलं, ट्रुथी. अवतरणात लिहिलेलं 'फॉल्स' हेही ट्रुथी. नुसता एक स्पेस असलेली स्ट्रिंगसुद्धा ट्रुथी, कारण तिच्यात एक अक्षर आहे, मग ते दिसो वा न दिसो.

इथे दोन गोष्टींची गल्लत फार होते. दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर रिकामा अ‍ॅरे 'फॉल्स'च्या बरोबर आहे असं जावास्क्रिप्ट सांगतं; तोच अ‍ॅरे 'इफ'मध्ये घातला तर 'इफ'चा भाग चालतो. विसंगती वाटते, पण तिथे दोन वेगळे नियम आहेत. तुलना करताना दोन्ही बाजू ओढूनताणून संख्येपर्यंत नेल्या जातात. ट्रुथी-फॉल्सी ठरवताना असलं रूपांतर होत नाही, फक्त वरची यादी पाहिली जाते. फिल्टर यादी पाहतो.

शून्याला 'नाही' मानणं ही सी भाषेकडून आलेली जुनी चाल आहे. सगळ्याच भाषा ती पाळतात असं नाही. रुबीत आणि लुआत शून्य ट्रुथी आहे. पायथनमध्ये शून्यही फॉल्सी आणि रिकामी यादीही फॉल्सी. जावा तर संख्येला अटीच्या जागी उभंच करत नाही, प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली, हे सर्वश्रुत आहे. वेब पानावर हौशी माणसानंही चार ओळी लिहाव्यात आणि त्या अडखळू नयेत, हा तिचा स्वभाव. न अडखळण्याची किंमत आपण वरच्या हिशेबात पाहिलीच.

आता खरी गंमत. आपल्या हातात अ‍ॅरे असा तयार येत नाही. येते ती फाइल, आणि फाइलमधून येतात त्या स्ट्रिंग. मग दोन कामं करायची : मॅपनं संख्या बनवायच्या आणि फिल्टरनं रिकाम्या नोंदी काढायच्या. आधी कुठलं?

आधी फिल्टर केलं तर स्ट्रिंगमधलं शून्य ट्रुथी असल्यामुळे टिकतं, शुक्रवारची रिकामी स्ट्रिंग गळते. उत्तर ९.३३, बरोबर! आधी मॅप करून 'नंबर' फंक्शनला स्ट्रिंग दिल्या, तर रिकाम्या स्ट्रिंगचं तो शून्य करतो. आता शुक्रवार आणि मंगळवार यांत फरकच उरला नाही. पुढे फिल्टर केलं तर १४, नाही केलं तर ८. बरोबर उत्तराकडे परतायचा रस्ता बंद. म्हणजे आधी फिल्टर केलं तेव्हा उत्तर जमलं ते नशिबानं. शुक्रवारच्या रकान्यात कोणाच्या हातून एक स्पेस पडला असता, तर ती स्ट्रिंग ट्रुथी म्हणून चाळणीतून पार झाली असती आणि 'नंबर'नं तिचंही शून्यच केलं असतं.

आपल्याकडच्या फाइलींत याहून पुढची एक नोंद सापडते : 'निरंक'. सरकारी मराठीत हा फार नेमका शब्द आहे. रकान्यात निरंक लिहिलं, याचा अर्थ कोणीतरी पाहिलं, आणि सांगण्यासारखं काही नव्हतं. रकाना कोरा सोडला, याचा अर्थ पाहिलं की नाही, कोणास ठाऊक. म्हणून तर कार्यालयं निरंक अहवालसुद्धा मागवतात, 'काही नाही तर कळवायचं कशाला' हे तिथे चालत नाही. आमच्या मते जावास्क्रिप्टमधला शून्य आणि नल यांतला फरक समजवायला यापेक्षा चांगला शब्द मिळणार नाही.

पण प्रोग्रॅमला 'निरंक' म्हणजे नुसती स्ट्रिंग. ट्रुथी, म्हणून फिल्टरमधून पुढे जाते. 'नंबर'ला ती वाचता येत नाही, तो नॅन देतो. आणि बेरजेत एक नॅन मिसळला की सगळी बेरीज नॅन. मग हे दुरुस्त करायला कोणीतरी शेवटी 'फिल्टर(बुलियन)' जोडतं. नॅन जातो, पडद्यावर आकडा दिसतो, सगळे खूश. त्याच्याबरोबर बुधवारचं शून्यही गेलं, ते कोण बघतो?

आणखी एक. कोणी शनिवारची नोंद देवनागरी आकड्यांत केली असेल, तर 'नंबर' फंक्शनला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत. तिथेही नॅन. म्हणजे आठवड्यातला सर्वात मोठा पाऊस, ३१ मिलिमीटर, गुपचूप गळतो आणि बेरीज २५ होते. गंमत म्हणजे याच भाषेत व्हेरिएबलचं नाव 'पाऊस' असं देवनागरीत ठेवलं तर चालतं!

मग करायचं काय? निवडण्याआधी वाचायचं. प्रत्येक नोंद वाचणारं एक छोटं फंक्शन लिहा. आधी ट्रिमनं कडेचे स्पेस काढा. काही उरलं नाही तर नल परत करा. 'निरंक' असेल तर शून्य, पण ते नोंदवही भरणाऱ्यांना विचारून. देवनागरी आकडे असतील तर ते बदलून घ्या. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५, म्हणजे अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. मग 'नंबर'. एवढं झाल्यावर अ‍ॅरेत तीनच गोष्टी राहतात : खरी संख्या, नल, किंवा न समजलेल्या नोंदीचा नॅन.

आता फिल्टरला आपला प्रश्न सांगा. फक्त नल आणि अनडिफाइंड नको असतील तर 'न => न != नल' लिहा. दोन बरोबरची तुलना टाळा, असं आम्ही नेहमी सांगतो, पण ही एक जागा तिला शोभते : नल आणि अनडिफाइंड दोन्ही पकडते, शून्याला हात लावत नाही. खरी संख्याच हवी असेल तर 'नंबर.आयझफाइनाइट', २०१५पासून उपलब्ध. नुसतं जुनं 'आयझफाइनाइट' नको, ते नलचं आधी शून्य करतं आणि मग 'हो' म्हणतं.

आणि गाळलं किती, ते मोजा. फिल्टरआधीची लांबी वजा नंतरची लांबी, एका ओळीचं काम. सातातून एक गेला तर ठीक, चार गेले तर थांबून बघावं. गाळल्यावर घटकांचे क्रमांकही सरकतात, पाचवा घटक शुक्रवारचा राहत नाही. म्हणून दिवस आणि पाऊस एका ऑब्जेक्टमध्ये जोडीनं ठेवलेले बरे.

तर मग 'फिल्टर(बुलियन)' वाईट का? मुळीच नाही. नावांची यादी असेल, पत्त्याच्या ओळी स्वल्पविरामानं जोडायच्या असतील, तर रिकामी स्ट्रिंग खरोखरच नको असते आणि शून्य तिथे येतच नाही. तिथे खुशाल वापरा. संख्या आल्या की हात आखडता घ्या.

श्रोत्यांचे दोन-तीन प्रश्न आलेत, ते घेऊ.

'माझा फिल्टर रिकामाच अ‍ॅरे देतो.' बहुतेक वेळा बाण-फंक्शनला महिरपी कंस घातलेला असतो आणि 'रिटर्न' राहिलेलं असतं. काहीच परत न केल्यामुळे अनडिफाइंड येतं, ते फॉल्सी, सगळे घटक बाद.

'उलट, माझा काहीच गाळत नाही.' फंक्शनच्या आधी 'असिंक' आहे का बघा. असिंक फंक्शन प्रॉमिस परत करतं, प्रॉमिस हा ऑब्जेक्ट, म्हणून कायम ट्रुथी. आत पुढे काय उत्तर निघेल याची फिल्टर वाट पाहत नाही. आधी 'प्रॉमिस.ऑल'नं सगळी उत्तरं गोळा करा, मग गाळा.

शेवटचा प्रश्न टाइपस्क्रिप्टचा : तिथे हे आपोआप पकडलं जातं का? थोडंफार. २०२४च्या ५.५ आवृत्तीपासून 'न => न !== अनडिफाइंड' असा फिल्टर लिहिला, तर उरलेल्या अ‍ॅरेत अनडिफाइंड नाही, हे टाइपस्क्रिप्ट स्वतः ओळखतं. पण संख्यांच्या अ‍ॅरेवर दोन उद्गारचिन्हं लावून 'न => !!न' लिहिलं, तर असा निष्कर्ष ते मुद्दाम काढत नाही. कारण उत्तर 'नाही' आलं, तर ती किंमत अनडिफाइंड असेल किंवा शून्य असेल, आणि दोन्हींतलं काय ते त्याला ठरवता येत नाही.