हुमणी नियंत्रणात पाऱ्याच्या बाष्पदिव्याचे कार्य

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात. होलोट्रिकिया सेराटा या जातीची वर्षाला एकच पिढी होते. म्हणून मे-जूनमधील मोजक्या संध्याकाळी, अंडी घालण्यापूर्वीच भुंगेरे गोळा करणे महत्त्वाचे ठरते. प्रकाश सापळ्याचा उपयोग याच काळात होतो.

दिवा कसा पेटतो?
साध्या बल्बमध्ये तापलेली तार प्रकाश देते. तीव्र विसर्जन दिव्यात मात्र क्वार्ट्झच्या नळीतील दोन अग्रांमध्ये विद्युत प्रज्योत निर्माण होते. प्रथम आर्गॉन वायू पेटतो, त्याच्या उष्णतेने पाऱ्याची वाफ होते आणि चार-पाच मिनिटांत दिवा पूर्ण प्रखर होतो. प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी चोक लागतो. १६० वॅटच्या स्वयंनियंत्रित दिव्यात हे काम आतील टंगस्टनची तार करते.

कीटक का आकर्षित होतात?
पाऱ्याच्या वाफेतून ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील तसेच निळे किरण बाहेर पडतात. अनेक निशाचर कीटकांचे डोळे त्यांना विशेष संवेदनशील असतात. सोडियम बाष्पदिव्याचा प्रकाश मुख्यतः पिवळा असल्याने त्याकडे तुलनेने कमी कीटक येतात. त्यामुळे तो सापळ्यापेक्षा रस्ते व गोदामांसाठी योग्य. मेटल हॅलाइड दिवे प्रामुख्याने क्रीडांगणांवर वापरले जातात.

वापरताना घ्यावयाची दक्षता
• वीज गेल्यास तापलेला दिवा लगेच पेटत नाही. थंड होण्यास काही मिनिटे लागतात. भुंगेरे निघण्याची वेळ अल्प असल्याने दिवा अंधार पडण्यापूर्वीच लावावा.
• दिव्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. अन्यथा आकर्षित झालेले भुंगेरे जवळच्या शेतातच अंडी घालतात.
• मित्रकीटकही सापळ्यात सापडतात. म्हणून सापळा रात्रभर न ठेवता पहिले दोन तासच चालवावा.
• बाहेरील काच फुटलेला दिवा वापरू नये. त्यातील अतिनील किरण डोळ्यांना व त्वचेला घातक असतात.
• निकामी दिवे बांधावर टाकू नयेत. पारा विषारी आहे.

मिनामाटा करारानुसार सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या या दिव्यांच्या उत्पादनास २०२० ही अंतिम मुदत होती. यापुढे अतिनील एलईडी सापळ्यांकडे वळणे अपरिहार्य आहे. साधन कोणतेही असो, एकट्या शेतकऱ्याने सापळा लावून हुमणी आटोक्यात येत नाही. संपूर्ण गावाने एकाच संध्याकाळी मोहीम राबविणे आवश्यक आहे.