जमिनीचा कागद आणि त्याचा पहारेकरी

आदिलाबादजवळच्या जैनथ गावातल्या देवळात एक संस्कृत शिलालेख आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कल्याणीच्या चालुक्यांच्या वतीने या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या परमार जगद्देवाची त्यात स्तुती आहे. त्याच्या पदरी असलेल्या लोलार्काची पत्नी पद्मावती हिने बांधलेल्या मंदिराची नोंदही त्यात सापडते. पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात गेले की डोंगरगावचा शके १०३४ चा लेख भेटतो. याच जगद्देवाने श्रीनिवास नावाच्या ब्राह्मणाला एक गाव दान दिल्याचे तो सांगतो. साधारण याच शतकांत इंग्लंडचे राजे चर्चना, मठांना आणि आपल्या सरदारांना जमिनी देत होते आणि चामड्याच्या पानांवर त्यांची दानपत्रे लिहिली जात होती. दोन्हीकडच्या कारकुनांनी एकमेकांचे नाव कधी ऐकले नसेल, तरी त्यांच्या कागदांची घडण विलक्षण सारखी आहे. आधी देवाचे स्मरण आणि राजाची बिरुदे, मग दान घेणाऱ्याचे नाव, मग जमिनीच्या सीमा, आणि शेवटी शाप. इंग्लंडमधल्या जुन्या दानपत्रांचा मुख्य मजकूर लॅटिनमध्ये असे, पण ओढा, खडक, जुने झाड अशा खुणांनी सांगितलेली हद्द पुष्कळदा लोकांच्या बोलीतल्या इंग्रजीत उतरे, कारण भांडण लागले की साक्ष गावकऱ्यांनाच द्यावी लागणार होती.

या घडणीत सर्वांत बोलका भाग शापाचा आहे. दिलेली भूमी हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन राहील, असे आपल्या ताम्रपटांत वारंवार येते. महाराष्ट्रात गावोगावी सापडणाऱ्या गद्धेगाळ या शापशिळांवर तर असा शाप अक्षर न येणाऱ्यालाही कळेल अशा उघड्यावागड्या शिल्पात कोरलेला आहे. इंग्लंडमध्ये दान मोडणाऱ्याला जूडासच्या पंगतीत, नरकाच्या आगीत बसवले जाई. या धमक्या चोरदरोडेखोरांसाठी नव्हत्या. त्यांचा रोख पुढच्या राजावर होता, कारण जमीन परत घेण्याची ताकद त्याच्याच हातात असणार होती आणि आजचा दाता तेव्हा जिवंत नसणार होता. म्हणून दानपत्राचे मोल देण्याच्या वाक्यात कमी आणि परत घेण्याला आडवे येणाऱ्या वाक्यात जास्त असते, असे मला वाटते. देणे एका दिवसाचे, राखणे पिढ्यांचे. आदिलाबादचा विसाव्या शतकातला इतिहास हे जितके स्पष्ट दाखवतो तितके क्वचितच दुसरे उदाहरण दाखवत असेल.

निजामाच्या राज्यात इथले अनेक गोंड, कोलाम आणि नाईकपोड शेतकरी ‘शिवाय जमाबंदी’वर जमीन कसत. दरसाल सारा भरायचा, पण पट्टा नाही. जंगल राखीव झाले तशी त्यांची शेते हद्दीच्या आत अडकली. बाहेरून आलेले सावकार, देशमुख आणि जमीनदार यांना पटवाऱ्याचे दप्तर वाचता येत होते, त्यामुळे पट्टे त्यांच्या नावावर चढत गेले. याच असंतोषातून गोंड पुढारी कुमुरम भीमाचा उठाव झाला आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागाच्या अभ्यासाला लावले. मारलवाई गावी मुक्काम ठेवून त्यांनी सुचवलेल्या उपायांत मुख्य होता तो पट्ट्यांचा. त्या दशकात ‘लावणी खास’ पद्धतीने, म्हणजे लिलाव न करता आणि किंमत न घेता, एक लाखाहून अधिक एकर जमीन आदिवासींच्या नावावर झाली. मध्ययुगीन अर्थाने ही दानपत्रेच होती, फक्त त्यांत शाप नव्हता.

शापाची जागा कायद्याने घेतली. अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतरणाचा १९५९ चा विनियम १९६३ मध्ये तेलंगणाला लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने त्याला खरे दात आले. या क्षेत्रात आदिवासीखेरीज कोणाच्याही नावे केलेले हस्तांतरण त्यामुळे रद्दबातल ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बिगरआदिवासीच्या ताब्यातली जमीन मुळात आदिवासीकडूनच आली, असे विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरले जाते. मध्ययुगात कागद नसलेला माणूस हरत असे. इथे कागद दाखवण्याची जबाबदारी बलवानाच्या अंगावर टाकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. पुढे १९९७ च्या ‘समता’ निकालाने सरकारलाही त्याच बंधनात आणले: अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खासगी खाणकंपनीला भाडेपट्ट्याने देता येणार नाही. दात्यालाच बांधून ठेवणे हे ताम्रपटांचे जुने स्वप्न होते.

यावर पहिला आक्षेप असा की विकता न येणारी जमीन अर्धीच मालकीची. तिच्यावर कर्ज मिळणे अवघड, अडचणीत ती मोकळी करता येत नाही. हा तोटा खरा आहे. पण खुल्या बाजारात उभे राहायला दोन्ही बाजूंची ताकद थोडीफार जुळावी लागते. इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्डने १२७९ साली चर्चच्या हाती जमीन जाण्यावर बंदी घातली, कारण चर्च मरत नाही आणि विकत नाही, त्याच्याकडे गेलेली जमीन परत येत नाही. सावकाराच्या दप्तराचेही तसेच होते. कर्जाचा प्रश्न सहकारी पतपुरवठ्याने सोडवता येतो, गेलेल्या शेताचा सोडवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: जे लोक आधीपासूनच जमीन कसत होते, त्यांना तीच जमीन ‘देणारे’ सरकार कोण? तत्त्वतः याला उत्तर नाही. म्हणूनच २००६ च्या वनहक्क कायद्याने ‘देणे’ हा शब्द टाळून हक्कांना ‘मान्यता’ दिली, आणि ती जमीन वारसाने मिळेल पण विकता येणार नाही असेही घालून दिले. तिसरा आक्षेप अनुभवाचा: कायदा असूनही जमिनी गेल्याच. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागण्या घेऊन जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा १९७० ची दुरुस्ती अकरा वर्षांची झाली होती. पण यातून कागद निरुपयोगी ठरत नाही, त्याच्या पहारेकऱ्याचे अपयश सिद्ध होते. ताम्रपटाचा पहारेकरी परलोक होता आणि त्याच्या आज्ञा राजे सोयीने विसरत. आजचा पहारेकरी तहसील कचेरी आणि न्यायालय आहे. त्याला जाब विचारता येतो, अपील करता येते, निवडणुकीत धडा शिकवता येतो. म्हणून नवे पट्टे किती वाटले याच्या आकड्यांपेक्षा जुन्या पट्ट्यांवरची किती अतिक्रमणे हटली, याचा हिशेब आदिलाबादने सरकारकडे मागायला हवा.