वेलीचं वय, टनाचा भाव

दक्षिण आफ्रिकेतल्या काही वाईनच्या बाटल्यांच्या मानेवर एक छोटा शिक्का असतो आणि त्यावर एक साल छापलेलं असतं. वाईन कोणत्या हंगामाची, ते लेबलवर वेगळं लिहिलेलं असतंच. शिक्क्यावरचं साल आहे बाग लावल्याचं. १९८२ किंवा १९६५ बऱ्यापैकी दिसतं, कधी १९३६ दिसतं आणि नशीब जोरावर असेल तर १९०५. बागेनं पस्तिशी गाठली असेल तरच हा शिक्का मिळतो. २०१८पासून तो दिला जातो. लागवडीचं साल असं प्रमाणित करून बाटलीवर छापणारा हा जगातला पहिला देश.

नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे आकडे चमत्कारिक वाटतील. आपल्याकडे बाग पंधरा वर्षांची झाली की ती थकली म्हणतात आणि जुनी खोडं काढून नवी लागण करतात. मग शंभरी गाठलेली वेल उभी कशी राहिली? उत्तर त्याहून चमत्कारिक आहे. यातल्या बहुतेक बागा कुणी मुद्दाम जपलेल्या नाहीत. त्यांच्या द्राक्षांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून त्या उरल्या.

केपटाउनहून उत्तरेला तासभर गेलं की स्वार्टलँड लागतं. हा मुळात गव्हाचा मुलूख. उन्हाळ्यात कापणी झालेली शेतं पिवळीधमक पडलेली असतात आणि त्यांच्यातून पार्डेबर्गचा ग्रॅनाइटचा डोंगर वर आलेला दिसतो. त्याच्या उतारांवर द्राक्षवेली आहेत, पण मांडव नाही, तारा नाहीत, ठिबकची नळी नाही. जेमतेम कमरेएवढी, काळपट, पिळवटलेली खोडं सुटी सुटी उभी असतात. प्रत्येक वेल झुडपासारखी, स्वतःचा भार स्वतःच पेलणारी.

पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, साधारण मे ते ऑगस्ट. फळ धरतं आणि पिकतं ते नंतरच्या कोरड्या, कडक उन्हाच्या महिन्यांत. वेलीला पाण्याची सगळ्यांत जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच आभाळ कोरडं. तरीही यातल्या कितीतरी बागा पूर्ण जिरायती आहेत. हिवाळ्याचं पाणी झिजलेल्या ग्रॅनाइटखालच्या चिकणमातीत मुरून राहतं आणि जुन्या वेलीची मुळं तिथवर पोचलेली असतात. तरुण वेलीला हे जमत नाही, मुळांना तेवढी खोली गाठायला वर्षं जावी लागतात. अटलांटिकमधला बेंग्वेलाचा थंड प्रवाह समुद्रावरचा वारा गार ठेवतो, त्यामुळे दुपारची काहिलीही थोडी सुसह्य होते.

आणखी उत्तरेला, ऑलिफंट्स नदीच्या वरच्या अंगाला स्कर्फबर्गच्या डोंगरात तर मातीसुद्धा नाही म्हणावं अशी अवस्था. तांबडी वाळू, वालुकाश्माच्या शिळा आणि आजूबाजूला रूइबॉसची शेतं, ज्याच्या पानांचा लाल चहा आता आपल्याकडच्या दुकानांतही दिसतो. अशा वाळूचा एक अनपेक्षित फायदा झाला. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं युरोपच्या बागा उजाड केल्या, १८८६मध्ये ती केपमध्येही, म्हणजे केपटाउनभोवतालच्या या मुलखातही, सापडली. तेव्हापासून जगभर द्राक्षाचं कलम अमेरिकी खुंटावर बांधतात. पण ही कीड वाळूत तग धरत नाही. त्यामुळे वालुकामय पट्ट्यांत अजूनही कलम न केलेल्या, स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या वेली सापडतात.

जुन्या वेलीची वाईन वेगळी का लागते? वेलीचं खोड आणि मुळं हे तिचं कोठार. पानांनी तयार केलेली पिष्टमय द्रव्यं तिथे साठतात आणि पुढच्या वसंतात कोंब फुटतात ते त्या साठ्यावर. खोड जाड, मुळं खोल, म्हणजे साठा मोठा. म्हणून एखादं वर्ष उन्हाचं किंवा अवर्षणाचं गेलं, तरी जुनी वेल फारशी डगमगत नाही. घड मात्र ती मोजकेच धरते. मणी बारीक राहतात, रसाच्या मानानं सालीचा वाटा वाढतो, आणि चव बहुतेक सालीतच असते.

आता इतिहास. केपमध्ये पहिली द्राक्षं गाळली गेली ती तारीख आपल्याला माहीत आहे: २ फेब्रुवारी १६५९. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ठाण्याचा प्रमुख यान फान रीबेक यानं ती आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली. पुढच्या दीडशे वर्षांत सेमियाँ नावाच्या जातीनं केप व्यापलं. १८२२च्या सुमारास तिथल्या दहांतल्या नऊ वेली सेमियाँच्या होत्या. इतक्या वेली इतकी वर्षं एका जागी वाढल्या की त्यांच्यात आपसूक बदल घडला आणि हिरव्या द्राक्षाची ही जात काही वेलींवर लालसर मणी देऊ लागली. आजही काही जुन्या बागांत हिरवी आणि लाल सेमियाँ शेजारी शेजारी उभी दिसते.

विसाव्या शतकात सूत्रं सरकार आणि सहकाराच्या हाती गेली. १९१८ साली केडब्ल्यूव्ही ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था निघाली आणि कायद्यानं तिला एकेक करत अफाट अधिकार मिळत गेले. किमान भाव ती ठरवणार, जास्तीचा माल ती उचलून त्याची ब्रँडी करणार, आणि १९५७पासून कुणी कुठे किती द्राक्षं लावायची तेही तीच ठरवणार. झोनबंदीच्या काळातला ऊस आणि साखर कारखाना आठवा, म्हणजे चित्र लक्षात येईल. गाडी काट्यावर चढली, वजन झालं, पैसे मिळाले. वेल चार वर्षांची की चाळीस, डोंगरावरची की नदीकाठची, हे कुणी विचारत नव्हतं.

या व्यवस्थेची लाडकी जात होती शेनिन ब्लाँ. भरपूर पिकणारी, उन्हातही आंबटपणा टिकवून धरणारी, ब्रँडीलाही चालणारी आणि स्वस्त पांढऱ्या वाईनलाही. खुद्द फ्रान्समध्येही तिची दक्षिण आफ्रिकेइतकी लागवड नाही. दूरच्या डोंगरात कुणाच्या आजोबांनी लावलेली शेनिनची बाग दर साल थोडंफार देत राहायची. पाणी लागत नव्हतं, तारा नव्हत्या, खर्च जवळपास शून्य. उपटायचीच तर नवी लावायला पैसा हवा, तोही नव्हता. म्हणून ती तशीच राहिली. तिची द्राक्षं सोसायटीच्या मोठ्या टाक्यांत हजारो टनांत मिसळून नाहीशी होत होती.

१९९२मध्ये लागवडीची बंधनं उठली. वर्णभेद संपून १९९४ साली लोकशाही आली आणि जगाची बाजारपेठ खुली झाली. बागांच्या दृष्टीनं धोका खरा सुरू झाला तो इथे. परदेशी गिऱ्हाइकाला काबेर्ने आणि शिराझ हवी होती, म्हणून जुनी शेनिन धडाधड उपटली जाऊ लागली.

अशा वेळी, २००२च्या सुमारास, रोझा क्रूगर या बाईंनी जुन्या बागा शोधायला सुरुवात केली. शिक्षण कायद्याचं, पण जीव द्राक्षशेतीत. यादी कुठे नव्हती. गावोगाव गाडी घेऊन जायचं, शेतकऱ्यांना विचारायचं, कुणाच्या वडिलांना काय आठवतं ते टिपून घ्यायचं. लागवडीच्या अधिकृत नोंदी उद्योगाच्या दप्तरात होत्या, पण त्या खासगी मालमत्तेच्या, म्हणून सहजी खुल्या होत नव्हत्या. त्या मिळत गेल्या तसा नकाशा भरत गेला. २०१६ साली या खटाटोपाला ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’ ही संस्था म्हणून रूप आलं आणि दोन वर्षांनी शिक्का आला.

पण नुसता नकाशा बाग वाचवत नाही. तिची द्राक्षं वेगळी गाळणारं कुणीतरी लागतं, आणि मोठ्या वाइनरीला दोन-तीन टनांसाठी वेगळी टाकी परवडत नाही. लहान उत्पादक उपयोगी पडले ते इथे. एबेन सादी यांनी १९९९मध्ये स्वार्टलँडमध्ये तुटपुंज्या भांडवलावर काम सुरू केलं. पुढे त्यांनी एकेका जुन्या बागेची एकेक वाईन काढली. त्यातली ‘मेव्ह. कर्स्टन’ स्टेलेनबॉशजवळच्या देशातल्या सर्वांत जुन्या शेनिनच्या बागेतली. ‘त फूटपात’ ज्या बागेची, ती १८८७ ते १९२८ या काळात लागत गेली. तिथे सेमियाँ, शेनिन, पालोमिनो, मस्कत सरमिसळ उभ्या आहेत आणि त्या एकत्रच तोडून एकत्रच आंबवल्या जातात. त्या काळच्या शेतकऱ्याला जी काडी मिळाली ती त्यानं लावली. आजची चव त्या सरमिसळीची.

क्रिस आणि सुझान आल्हाइट या जोडप्यानं २०११मध्ये ‘कार्टोलॉजी’ काढली, ती दूरदूरच्या जुन्या बागांतली शेनिन एकत्र आणून, थोडी सेमियाँ घालून. क्रिस आणि अँड्रिया मलिनू स्वार्टलँडच्या ग्रॅनाइट, शिस्ट आणि लोहयुक्त मातीतली द्राक्षं वेगवेगळी आंबवतात, म्हणजे जमीन बदलली की चव कशी बदलते ते पेल्यात कळतं. त्यांचे भागीदार भारतीय उद्योगपती अनलजित सिंग. या भागीदारीतल्याच ‘लीऊ पासांत’ या वाईनसाठी वेलिंग्टनमधल्या एका बागेतली सँसो जातीची द्राक्षं वापरली गेली. ती बाग १९०० साली लावलेली आहे.

यांच्या तळघरांत करामत फारशी नसते. पहाटेच्या गारव्यात हातानं तोडलेले घड देठासकट हलकेच दाबायचे. विकतचं यीस्ट न घालता सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर रस हळूहळू आंबू द्यायचा. मग जुन्या लाकडी पिंपांत ठेवायचा, म्हणजे लाकडाचा वास वाईनवर चढत नाही. एवढी जुनी बाग मिळाल्यावर आपली चव मध्ये आणायची नाही, हा त्यांचा शिरस्ता.

याच शेनिनचा आपल्याशीही संबंध आहे. २००० साली सुला या वाइनरीनं नाशिकहून बाजारात आणलेल्या पहिल्या वाईनमध्ये ती होती. पण एकच जात दोन मुलखांत किती वेगळं आयुष्य जगते ते पाहा. केपमधली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि त्या झोपेतच तिची छाटणी होते. नाशिकची थंडी तेवढी कडक नसते, म्हणून इथली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, असं तिला दोनदा छाटून एकच पीक घ्यावं लागतं. आणि गंमत अशी की दोन्हीकडे तोडणी येते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. तिथे तो उतरता उन्हाळा, इथे सरता हिवाळा.

वेलींचं वय सांगताना त्या कुणी छाटल्या तेही सांगायला हवं. केपचे मळे उभे राहिले गुलामांच्या श्रमावर, आणि त्यात भारताच्या किनाऱ्यांवरून नेलेली माणसंही होती. गुलामगिरी गेल्यावरही मजुरीचा काही भाग वाईनमध्येच द्यायची ‘डॉप’ पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि तिनं मजूर वस्त्यांना व्यसनाच्या खाईत लोटलं. शंभर वर्षांच्या खोडाचा प्रत्येक बाक अशाच कुणा अनाम माणसाच्या कात्रीनं ठरवलेला आहे. बाटलीवर नाव मात्र मालकाचं. हे आता कुठे बदलू लागलंय. क्वाझुलू-नताळच्या खेड्यातून आलेल्या न्सिकी बियेला २००४मध्ये वाईनमेकर झाल्या, देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वाईनमेकर. पुढे स्वतःच्या वाईनला त्यांनी आजीचं नाव दिलं, अस्लिना. बेरेन सॉल्स यांनी २०१५मध्ये ‘टेसलार्सडाल’ नावानं पिनो न्वार काढली. त्या नावाचं त्यांचं गाव वसलं ते एका जमीनदारानं मुक्त झालेल्या गुलामांना आणि नोकरांना मृत्युपत्रात लिहून दिलेल्या जमिनीवर. फ्रान्शूकमध्ये पॉल सिगुका यांनी २०१९मध्ये ‘क्लाइन खुडरुस्त’ हा मळा विकत घेतला. त्यांची आई द्राक्षमळ्यात मजुरी करत असे.

बागांपुढचे धोके संपलेले नाहीत. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, लीफरोल नावाचा विषाणू वेलीवेलींत पसरवतो. शरद ऋतूत लाल जातींची पानं त्यानं किरमिजी होतात आणि पर्यटक त्या आजाराचेच फोटो काढतात. पीक घटतं, द्राक्षं नीट पिकत नाहीत, म्हणून विशीतच बागा उपटल्या जातात. २०१५ ते २०१८च्या दुष्काळात केपटाउनचे नळ बंद पडायची वेळ आली होती. जिरायती जुन्या वेलींनी तो काळ पुष्कळ अंशी निभावला, पण पीक आणखी आटलं.

आणि अडचणीचं मूळ पीकच आहे. जुनी बाग हेक्टरी दोन-चार टन देते, पाण्यावरची तरुण बाग त्याच्या कितीतरी पट. टनावर भाव ठरला की जुनी वेल दर वर्षी हरणार. म्हणून काही लहान उत्पादक शेतकऱ्याशी वेगळा हिशेब करतात. द्राक्षं किती का निघेनात, ठरलेली रक्कम हेक्टरामागे द्यायची. शिवाय जुन्या वेलींच्या काड्या घेऊन नवी जिरायती झुडूपबाग लावायची, ती म्हातारी व्हावी याच इराद्यानं. २०२५मध्ये लावलेली बाग पस्तिशी गाठेल २०६० साली, म्हणजे लावणाऱ्याच्या मुलाच्या हातात. तोवर तिला तग धरायला लावेल तो हेक्टरी हिशेब, आणि तो परवडतो तेव्हाच, जेव्हा बाटलीमागे चार पैसे जास्त मोजणारं गिऱ्हाईक असतं.