अंगणातला सुरू आणि लोंबणाऱ्या फांद्यांचं गणित

बंगल्यापुढे मोकळ्या जागेत एकच देखणं झाड असावं, बारमाही हिरवं, फांद्या खाली सोडलेलं, ही हौस जालन्यातही आहे. डोळ्यांपुढे असतो देवदार. पण त्याचं घर पश्चिम हिमालयात, साधारण १५०० ते ३००० मीटर उंचीवर. चाळिशी ओलांडणारा मे महिना आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी काळी जमीन त्याला मानवणारी नाही.

मग इथे काय लावावं? मोरपंखी खरी सूचिपर्णी, पण तिचे पंखे उभेच्या उभे. लोंबतो तो रस्त्याकडेचा उंच अशोक. तो सीताफळाच्या कुळातला. पाइनसारखा दिसतो तो सुरू, आणि तोही फुलं येणाऱ्या झाडांपैकीच. त्याची ‘सुई’ दोन्ही टोकांना धरून ओढा; सांध्यावर ती अलगद सुटते. भिंगातून तिथे सहा ते आठ बारीक दात्यांचं कडं दिसतं. ते दाते म्हणजे पानं. सुई ही खरं तर हिरवी डहाळी, अन्न तीच तयार करते. पानं इतकी आखडल्यामुळे झाड पाणी जपून वापरतं.

खऱ्या सूचिपर्णींत फांदी कलली की तिच्या खालच्या अंगाला वेगळ्या जातीचं लाकूड धरतं आणि फांदीला वर रेटतं. लोंबत्या वाणांत ही उचल फांदीच्या वजनाला पुरी पडत नाही. बियांतून हा गुण हमखास उतरत नाही, म्हणून कलम करतात. रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरणाऱ्या बदनापूर-अंबडकडच्या बागायतदारांना हे सांगायला नको. कलमाचं खोड काठीला बांधून हवं तेवढं उंच न्यायचं, मग शेंडा मोकळा सोडायचा.

जालन्यात सुरू लावायचा तर पहिल्या चांगल्या पावसानंतर. खड्ड्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा, रोप उंचवट्यावर बसवा. बुंध्याशी पाणी साचता कामा नये. जुन्या सुरूखालची ओंजळभर माती टाका. तिच्यातले फ्रँकिया जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. घरापासून मात्र लांब लावा: सुरू वीस मीटरच्या वर जातो, आणि त्याच्या गळलेल्या काड्यांच्या थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. एकटं झाड शोभायला तेही सोयीचंच.