हळदणकरांची प्रकाशयोजना : जलरंगातील अनुसरणाची एक दिशा

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील कलादालनात आहे. ते अनेकदा राजा रविवर्मा यांच्या नावावर सांगितले जाते. वास्तविक रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. हे चित्र १९४५-४६ चे असून त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता मॉडेल म्हणून उभी राहिली होती. श्रेयाच्या या गोंधळातून तांत्रिक गैरसमजही उद्भवतो. रविवर्मा म्हटले की तैलचित्र गृहीत धरले जाते. वस्तुतः हे जलरंगचित्र आहे.

या शैलीत चित्र करू पाहणाऱ्याची खरी अडचण येथेच आहे. तैलरंगात उजेड शेवटी, जाड थराने चढविता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. तो झाकला गेला की पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणून चेहऱ्यावरील व बोटांवरील उजळ जागा प्रथम आखून घ्याव्यात, त्यांवर फिकट पिवळसर थर द्यावा, तो वाळल्यावर नारिंगी व तांबूस छटा. ज्योतीला आडोसा देणाऱ्या बोटांतून झिरपणारा तांबडेपणा हे या चित्राचे मर्म होय. तेथे ओल्यात रंग सोडावा. कुंचला पुनःपुन्हा घासू नये. पार्श्वभूमी पातळ थरांनी क्रमशः गडद करीत न्यावी. थेट काळा रंग लावल्यास छाया निर्जीव होते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

विद्यार्थी बहुधा ज्योतीपासून आरंभ करतात. परंतु भोवतालचा काळोख पुरेसा खोल झाल्याखेरीज कोरा कागद उजळत नाही. अशा सरावचित्राखाली ‘हळदणकरांवरून’ असे मात्र अवश्य लिहावे.