गुलमर्गच्या मोसमातला बुधवार

सकाळी ६. हॉटेलात काम करणाऱ्याच्या नशिबी शनिवार-रविवार नसतोच, आणि गुलमर्गच्या बर्फाच्या मोसमात तो मागायचाही नसतो. माझी सुट्टी बुधवारी. एरवी या वेळेला मी फ्रंट डेस्कवर उभा असतो आणि गरम पाणी कधी येणार, हा प्रश्न प्रत्येक मजल्यावरून झेलत असतो. आज फोन दुसऱ्याने उचलायचा. क्वार्टरमधली बुखारी (खोली तापवणारी शेगडी) रात्रीच कधीतरी विझलेली असते. डिसेंबरच्या २१ तारखेपासूनचे ४० दिवस म्हणजे चिल्लई कलान, काश्मीरच्या थंडीचा सगळ्यात कडक तुकडा. दोन रजया घेऊनही पाय गार ते गारच.

७.३०. जानेवारीत याच सुमाराला उजाडतं. बाहेर पडून आधी अफरवटकडे बघायचं. शिखरावरून बर्फाचा धुरळा उडत असला तर वर वारा आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, वरचा टप्पा सुरू होणं कठीण. मग मेसमध्ये नून चाय आणि गिरदा. या खारट गुलाबी चहाला मी पहिल्या मोसमात नाकं मुरडली होती, आता त्याच्याशिवाय चालत नाही. स्वयंपाकघरातले चाचा टंगमर्गचे. ते खिडकीतून एकदा आभाळ बघतात आणि म्हणतात, ‘दोपहर तक ठीक है, बेटा.’ मोबाइलवरच्या हवामानापेक्षा माझा त्यांच्यावर भरवसा जास्त.

८.३०. स्कीच्या दुकानात. पाहुणे आम्हीच पाठवतो, त्यामुळे भाड्यात सवलत मिळते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुकानदार वजन विचारतो आणि स्क्रूड्रायव्हरने बाइंडिंग त्याप्रमाणे बसवतो. ते गरजेपेक्षा घट्ट राहिलं तर पडताना बूट सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. बूट घालणं हे वेगळंच कष्टाचं काम. पायमोजा एकच हवा, तोही सुरकुती नसलेला. दोन घातले की पाय जास्त गारठतात.

९.३०. गोंडोलाची रांग. सहा जणांच्या या केबिनी फ्रेंच कंपनी पोमागाल्स्कीच्या. कोंगदूरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ चा, अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेणारा दुसरा २००५ चा. रांगेत भाड्याचे गमबूट आणि फरचे कोट घातलेली मंडळी असतात, आणि त्यांत मराठी हटकून ऐकू येतं. ‘अहो, तुम्ही मराठी? कुठले?’ साताऱ्याचा, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग इथे काय करताय?’ काकूंना वाईट वाटू नये म्हणून मी नोकरी म्हणतो. खरं उत्तर पायाला बांधलेलं असतं.

१०.१५ ते १.३०. या तीन तासांसाठी बाकीचे सहा दिवस. कोंगदूरीला केबिनीतून उतरलं की आधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडायचा, नाहीतर बाइंडिंग ‘खट्’ म्हणतच नाही. पहिल्या उताराला मी अजूनही स्नो-प्लाऊ करतो. टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, वेग हातात. पाय जागे झाले की स्की समांतर. सगळी गोम वजनात आहे. भीती माणसाला डोंगराकडे रेलायला लावते, आणि रेललं की कडा सुटतात. छाती दरीकडे ठेवून वजन खालच्या पायावर टाकलं की वळण आपोआप येतं. रात्रभर ताजा बर्फ पडला असेल तर आवाजही येत नाही, गुडघ्यापर्यंत भुसभुशीत पावडर उडते. अशा वेळी बिलिंग, चेक-आउट, रिव्ह्यू यांपैकी काहीही डोक्यात राहत नाही.

अफरवटच्या मोकळ्या उतारांवर मी गाइडशिवाय जात नाही. वरचा बहुतेक भाग यंत्राने दाबलेला नसतो, आणि जोराच्या हिमवृष्टीनंतर तिथला बर्फ घसरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. स्की पॅट्रोलने उतार बंद ठेवला की हुज्जत घालणारे पाहुणे मी डेस्कवर रोज बघतो. त्यांची मला कीव येते.

१.३०. राजमा-चावल. बूट सैल करून.

३. ढग खाली येतात, सावल्या जातात आणि उंचसखल कळेनासं होतं. मांड्या थरथरत असताना ‘शेवटची एक फेरी’ म्हणणारेच दवाखान्यात दिसतात. मी उतरतो.

४.३०. सुट्टीचा उरलेला अर्धा भाग: बादलीभर गरम पाण्यासाठी वशिला, कपडे धुणे, आईला फोन. वीज गेलेली.

७. सुट्टी असली तरी लॉबीतून बोलावणं येतंच. टंगमर्गहून वर येणाऱ्या गाड्यांना चाकांना साखळ्या लावाव्या लागतात, त्यामुळे एक ग्रुप तीन तास उशिरा पोहोचला आहे. त्यात पुण्याचे आजी-आजोबा. त्यांना कांगडी (निखाऱ्यांची टोपली) नेऊन देतो, मुगाच्या खिचडीचं चाचांना सांगतो.

९.३०. झोप. पहाटे ६ ला डेस्क.

पगार पुण्यातल्या हॉटेलापेक्षा कमीच आहे, हेही सांगून टाकतो. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या आणि डोंगराचं वेड असलेल्या पोरांनी एक मोसम तरी इकडे यावं. स्की शिकायला पर्यटन मंत्रालयाची संस्था गुलमर्गमध्येच आहे, आधी तिथला कोर्स करा. आणि मुलाखतीत पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या: आठवड्याची सुट्टी लेखी मिळेल का, आणि क्वार्टरमध्ये बुखारी आहे का.