शाळा म्हणते 'आमच्याकडे तशी सोय नाही', मग दिव्यांग मुलाच्या पालकांनी काय करायचं?

2019 सालची दहावीची परीक्षा. मुंबईतल्या एका विद्यार्थिनीला आजारामुळे हाताने लिहिणं जमत नव्हतं. राज्य मंडळाने तिला आयपॅडवर उत्तरं टाइप करायला परवानगी दिली. ती पास झाली आणि त्याची मोठी बातमी झाली.

खरं तर ही बातमी व्हायला नको होती. अशा सोयीची तरतूद कायद्यात 2016 पासूनच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये शाळेच्या बाबतीत दोन कलमं महत्त्वाची आहेत. त्यांची गल्लत झाली की पालक रिकाम्या हाताने परत येतात.

कलम 16 शाळेसाठी आहे. सरकारचं अनुदान असो किंवा नुसती मान्यता, शाळा त्यात येते. म्हणजे अंधेरी-बोरिवलीतल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळासुद्धा. मुलाच्या गरजेप्रमाणे 'वाजवी सोय' करून देणं हे शाळेचं काम आहे आणि इथे 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नाही.

कलम 17 सरकार आणि पालिकेसाठी आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर 18 वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहाय्यक उपकरणं मोफत द्यायची आहेत. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत दर वर्षी प्रत्येक मुलामागे 3,500 रुपयांपर्यंत तरतूद असते. रक्कम तुटपुंजी आहे, पण उपकरणासाठी तपासणी शिबिरंही याच योजनेतून होतात. शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षकांकडे त्याची चौकशी करा.

मग खासगी शाळा महागडं यंत्र विकत घेईल का? तसा आग्रह धरला तर बहुधा अडेल, कारण 'वाजवी' म्हणजे शाळेवर अवाजवी बोजा पडणार नाही इतपत. पण घरून आणलेला टॅब वर्गात वापरू देण्यात बोजा कसला? 'आमच्याकडे मोबाइल-टॅबला बंदी आहे' हे उत्तर इथे टिकणं अवघड आहे.

म्हणून अर्जात यंत्राचं नाव आधी लिहू नका, अडचण लिहा. 'माझ्या मुलाला टॅब द्या' यापेक्षा 'त्याला फळ्यावरचं दिसत नाही, त्यामुळे तो उतरवून घेऊ शकत नाही. फळ्याचा फोटो टॅबवर मोठा करून पाहायची परवानगी द्यावी' हे नाकारणं कठीण जातं. सोबत डॉक्टरांचा किंवा थेरपिस्टचा कागद जोडा. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का मारून पोच घ्या. तोंडी बोलणं पुढे कुठेच दाखवता येत नाही.

काही सोयींना पैसाच लागत नाही. एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. फक्त जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली मराठी पीडीएफ दिली की ते काहीतरी भलतंच बरळतं. तेव्हा सराव प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टाइप करून द्या, एवढंही अर्जात मागता येतं.

आणि हे सगळं दहावीच्या वर्षी नको. सीबीएसई बोर्ड दिव्यांग विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर उत्तरं टाइप करू देतं, पण ज्याला वर्गात कधी टाइप करायला मिळालं नाही, त्याला परीक्षेत त्याचा काय उपयोग? चौथी-पाचवीपासून सवय हवी.

शाळेने उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर माध्यमिक वर्गांसाठी शिक्षण निरीक्षकांकडे जा. अंधेरी, बोरिवली पश्चिम विभागात येतात, कार्यालय जोगेश्वरीला. घाटकोपर, मुलुंड उत्तर विभागात, कार्यालय चेंबूरला. प्राथमिकसाठी पालिकेचा शिक्षण विभाग आहे.

तिथेही काम झालं नाही तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली, तर तिच्यावर काय केलं हे संबंधितांना तीन महिन्यांत कळवावं लागतं. शाळेच्या शिक्क्याची ती पोच त्या वेळी तक्रारीला जोडायची.